अमेरिकन चित्रपट उद्योगाचा इतिहास आणि सांस्कृतिक प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकात करमणुकीच्या साधनांमध्ये जे बदल घडून आले, त्यांत चित्रपटाचे स्थान अग्रभागी आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समजेल अशी ही कला अल्पावधीत जगभर पसरली. तिचा जन्म कोणत्याही एकाच देशात झाला नाही आणि तिच्या विकासाचे श्रेयही एका देशाला देता येत नाही. असे असले तरी पहिल्या महायुद्धानंतर जगातील बहुसंख्य चित्रपटगृहांत प्रामुख्याने अमेरिकेचे चित्रपट दाखवले जाऊ लागले. हे का घडले, हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. एखादा समाज स्वतःच्या कथा कोणत्या भाषेत आणि कोणाच्या मालकीच्या पडद्यावर पाहतो, या व्यापक प्रश्नाशी तो निगडित आहे.

सामान्यतः अशी मांडणी केली जाते की, अमेरिकन चित्रपट आकर्षक होते, त्यांचे तंत्र प्रगत होते, म्हणून ते जगाने स्वीकारले. या मांडणीत तथ्य आहे. परंतु ती अपुरी आहे. चित्रपट कितीही चांगला असला तरी तो लावणारे चित्रपटगृह मिळाल्याशिवाय प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच चित्रपट कोणी निर्माण केला याबरोबरच तो कोणी वितरित केला आणि चित्रपटगृह कोणाच्या ताब्यात होते, हेही तपासले पाहिजे. प्रस्तुत शोधनिबंधात या दृष्टीने विवेचन केले आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) अमेरिकन चित्रपट उद्योगाच्या उदयाची आणि विस्ताराची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) या उद्योगाच्या सांस्कृतिक प्रभावाचे स्वरूप आणि त्याला निरनिराळ्या देशांनी दिलेला प्रतिसाद यांचा अभ्यास करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

अमेरिकन चित्रपटांच्या जागतिक प्रभावाचे मूळ त्यांच्या कलागुणांत जितके आहे, तितकेच किंबहुना त्याहून अधिक ते वितरण आणि प्रदर्शन व्यवस्थेवरील नियंत्रणात आहे, असे गृहीतक येथे स्वीकारले आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१. उद्योगाचा उदय

थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या ‘किनेटोस्कोप’ या यंत्राचे पहिले व्यावसायिक केंद्र १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्क येथे सुरू झाले. या यंत्रात एका वेळी एकच माणूस डोकावून हलती चित्रे पाहू शकत असे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पडद्यावरील चित्रांचा सशुल्क खेळ केला. त्यानंतर केवळ सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये त्यांचे खेळ सुरू झाले. चित्रपट हे माध्यम प्रारंभापासूनच आंतरराष्ट्रीय होते, हे यावरून स्पष्ट होते.

अमेरिकेत या माध्यमाला खरा आधार मिळाला तो शहरातील कामगारवर्गाचा. १९०५ मध्ये पिट्सबर्ग येथे ‘निकेलोडियन’ नावाचे छोटे चित्रगृह सुरू झाले. पाच सेंटच्या नाण्यात तेथे प्रवेश मिळत असे. युरोपातून आलेले, इंग्रजी न समजणारे लक्षावधी स्थलांतरित अशा चित्रगृहांचे प्रेक्षक बनले. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. परस्परांच्या भाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकांसाठी चित्रपट करण्याचा हा घरचा अनुभव पुढे अमेरिकन निर्मात्यांना परदेशातही उपयोगी पडला.

विशेष म्हणजे या उद्योगाचे अनेक संस्थापकही स्थलांतरितच होते. ॲडॉल्फ झुकर आणि विल्यम फॉक्स मूळचे हंगेरीचे, कार्ल लेमले जर्मनीचे, तर सॅम्युएल गोल्डविन पोलंडमधील वॉर्सा शहरचे. लुई मेयर यांचे कुटुंब रशियन साम्राज्यातून आले होते. हे सर्व ज्यू होते. प्रतिष्ठित व्यवसायांची दारे त्यांच्यासाठी सहज उघडी नव्हती. नव्या आणि काहीशा हलक्या समजल्या जाणाऱ्या या धंद्यात मात्र त्यांना जागा मिळाली. यांतील बहुतेकांनी प्रारंभ निर्माता म्हणून नव्हे, तर चित्रगृहाचे चालक म्हणून केला होता, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९०८ च्या अखेरीस एडिसन आणि अन्य एकस्वधारकांनी ‘मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी’ स्थापन करून कॅमेरे, प्रक्षेपक आणि कच्ची फिल्म यांवर मक्तेदारी प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. लेमले, फॉक्स यांसारख्या स्वतंत्र व्यावसायिकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९१५ मध्ये न्यायालयाने ही युती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला. या कंपनीच्या ससेमिऱ्यातून सुटण्यासाठी निर्माते कॅलिफोर्नियात गेले, असे वारंवार सांगितले जाते. हे कारण पूर्णतः नाकारता येत नसले तरी त्या कंपनीचे सभासद असलेले निर्मातेही त्याच सुमारास लॉस एंजेलिसला गेले होते. वर्षभर मिळणारा सूर्यप्रकाश, समुद्र, डोंगर व वाळवंट यांची जवळीक, स्वस्त जमीन आणि कामगार संघटनांचा तुलनेने कमी जोर ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. १९१० मध्ये लॉस एंजेलिस शहरात विलीन झालेल्या हॉलिवूड या छोट्या वसाहतीत १९११ मध्ये पहिला स्टुडिओ सुरू झाला.

२. स्टुडिओ व्यवस्था आणि चित्रपटगृहांवरील ताबा

१९१२ ते १९२८ या काळात युनिव्हर्सल, पॅरामाउंट, फॉक्स, वॉर्नर, कोलंबिया, मेट्रो-गोल्डविन-मेयर आणि आर.के.ओ. या कंपन्या आकाराला आल्या. स्टुडिओत कथालेखकापासून सुतारापर्यंत सर्वजण पगारी नोकर असत. लोकप्रिय कलावंत दीर्घ मुदतीच्या कराराने बांधलेले असत. या व्यवस्थेला शह देण्यासाठी चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफोर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही स्वतःची वितरण कंपनी काढली. वितरण आपल्या हाती नसेल तर कलावंताला स्वातंत्र्य नाही, हे त्यांनी ओळखले होते.

स्टुडिओंचे खरे बळ मात्र चित्रपटगृहांत होते. १९३० च्या सुमारास एकट्या पॅरामाउंटच्या ताब्यात हजाराहून अधिक चित्रपटगृहे होती. स्वतंत्र चित्रपटगृहांसाठी ‘ब्लॉक बुकिंग’ची पद्धत होती. एक गाजणारा चित्रपट हवा असेल तर त्याच्यासोबत त्याच कंपनीचे अनेक सामान्य चित्रपट, पुष्कळदा न पाहताच, घ्यावे लागत. १९४५ च्या आकडेवारीनुसार पाच मोठ्या कंपन्यांचा हितसंबंध देशातील सुमारे १७ टक्के चित्रपटगृहांतच होता. परंतु एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतील, नवा चित्रपट प्रथम लावणाऱ्या चित्रपटगृहांपैकी किमान ७० टक्के त्यांच्याशी संलग्न होती. थोडक्यात, सर्व दुकाने ताब्यात घेण्याची गरज नव्हती. मोक्याची दुकाने पुरेशी होती.

३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात या व्यवस्थेविरुद्ध निर्णय दिला. ब्लॉक बुकिंग बेकायदेशीर ठरले आणि त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या कंपन्यांना आपल्या चित्रपटगृहांच्या साखळ्या वेगळ्या कराव्या लागल्या. ज्या मक्तेदारीचा जगातील अन्य देशांना त्रास होत होता, ती अमेरिकेच्याच न्यायालयाने स्वदेशापुरती मोडून काढली, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

३. जागतिक बाजारपेठ आणि भारत

पहिल्या महायुद्धापूर्वी चित्रपटांच्या निर्यातीत फ्रान्स आघाडीवर होता. १९१४ नंतर युरोपातील निर्मिती खालावली आणि रिकामी झालेली बाजारपेठ अमेरिकन कंपन्यांनी काबीज केली. मोठ्या देशांतर्गत बाजारपेठेतच निर्मितीचा खर्च भरून निघत असल्यामुळे त्यांना परदेशात चित्रपट कमी दराने देणे परवडत असे. त्याला शासनाची जोडही मिळाली. १९२६ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यात चित्रपटासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. चित्रपटात दिसणाऱ्या मोटारी, कपडे आणि घरगुती उपकरणे यांची मागणी चित्रपटामागोमाग वाढते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले होते. म्हणजेच चित्रपट ही विक्रीयोग्य वस्तू होतीच, शिवाय ती अन्य वस्तूंची जाहिरातही होती.

भारताची परिस्थिती या संदर्भात अभ्यसनीय आहे. दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा देणारा ख्रिस्तचरित्रावरील मूकपट त्यांनी मुंबईत ज्या तंबूवजा चित्रगृहात पाहिला, त्याचे नाव ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ असे होते. चित्रपट मात्र फ्रेंच बनावटीचा मानला जातो. दीड दशकातच चित्र पालटले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी सुमारे ८० टक्के अमेरिकन होते. फेअरबँक्स यांचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) येथे अत्यंत लोकप्रिय ठरला.

अमेरिकन चित्रपटांच्या या वर्चस्वाने ब्रिटिश राज्यकर्ते अस्वस्थ झाले. एकीकडे ब्रिटिश चित्रपटांना बाजारपेठ मिळत नव्हती, तर दुसरीकडे पडद्यावरील गोऱ्या स्त्री-पुरुषांचे स्वैर वर्तन पाहून भारतीयांच्या मनातील साम्राज्याचा दरारा कमी होईल, अशी भीती होती. १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने देशभर साक्षी घेतल्या. फाळके यांनीही आपले म्हणणे समितीपुढे मांडले. १९२८ च्या अहवालात ब्रिटिश साम्राज्यातील चित्रपटांना प्राधान्य देण्याची कल्पना समितीने मान्य केली नाही. प्राधान्य द्यायचेच असेल तर ते भारतीय चित्रपटाला द्यावे, अशी बहुसंख्य सदस्यांची भूमिका होती. अमेरिकन वर्चस्वाला उत्तर म्हणून ब्रिटिश वर्चस्व स्वीकारण्यास समितीने दिलेला हा नकार सांस्कृतिक राष्ट्रवादाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. समितीच्या शिफारशींवर सरकारने विशेष कार्यवाही केली नाही.

जे काम सरकारने केले नाही, ते बोलपटाने केले. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झालेल्या ‘द जॅझ सिंगर’ने अमेरिकेत ध्वनियुगाचा प्रारंभ केला. या अमेरिकन तंत्रानेच अमेरिकन चित्रपटाची जगभर समजली जाणारी मूकभाषा संपुष्टात आणली. पॅरामाउंटने पॅरिसजवळच्या ज्वांव्हिल येथे एकाच चित्रपटाच्या अनेक युरोपीय भाषांतील आवृत्त्या करण्याचा प्रयोग केला. तो फार काळ टिकला नाही. भारतात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. त्याचे निर्माते अर्देशिर इराणी यांना ‘शो बोट’ या अमेरिकन बोलपटापासून प्रेरणा मिळाल्याचे सांगितले जाते. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला. स्वतःच्या भाषेतील गाणी आणि संवाद ऐकायला मिळाल्यावर भारतीय प्रेक्षकांचा मोठा भाग स्वदेशी चित्रपटाकडे वळला.

याचा अर्थ प्रभाव संपला असा नव्हे. त्याचे स्वरूप बदलले. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ (१९३५) मधील घोड्यावरून दौडणारी, चाबूक चालवणारी नायिका अमेरिकन साहसपटांच्या परंपरेतून आली होती. मात्र ती भारतीय राजकन्या बनून आली. राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मधील भटक्या नायकावर चॅप्लिन यांची छाया स्पष्ट दिसते. पण त्याच्या वाट्याला आलेले प्रश्न स्वातंत्र्योत्तर भारताचे आहेत. १९३८ मध्ये मुंबईत मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने बांधलेले ‘मेट्रो’ चित्रपटगृह हे मात्र थेट उपस्थितीचे उदाहरण होते. तेथील गालिचे, दिवे आणि थंड हवा यांनी चित्रपट पाहणे म्हणजे काय, याची नवी कल्पना मुंबईकरांपुढे ठेवली.

४. पडद्यावरील अमेरिका आणि पडद्यामागील अमेरिका

अमेरिकन चित्रपटाने जगापुढे ठेवलेले अमेरिकेचे चित्र संधी, स्वातंत्र्य आणि समृद्धी यांचे होते. या चित्रातून कोणाला वगळले गेले, हे पाहणे आवश्यक आहे. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) हा चित्रपटतंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. त्यात कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण आणि ‘कू क्लक्स क्लॅन’ या हिंसक संघटनेचे उदात्तीकरण होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने त्याविरुद्ध देशभर निदर्शने केली. त्याच वर्षी त्या हिंसक संघटनेचे पुनरुज्जीवन झाले. चित्रपटाचा प्रभाव किती गंभीर असू शकतो, याचे हे प्रारंभीचे उदाहरण होय.

१९१५ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असल्याचे सांगून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले होते. ते १९५२ मध्ये मिळाले. मधल्या काळात सरकारी सेन्सॉर टाळण्यासाठी उद्योगाने १९३० मध्ये स्वतःची नीतिसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून तिची कठोर अंमलबजावणी केली. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातील प्रेमसंबंध दाखवण्यास या संहितेत मनाई होती. ‘द गुड अर्थ’ (१९३७) मधील चिनी शेतकरी दांपत्याच्या भूमिका गोऱ्या कलावंतांना मिळाल्या. चिनी वंशाची विख्यात अभिनेत्री ॲना मे वाँग हिला नायिकेची भूमिका नाकारण्यात आली. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल हिला १९४० मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले होते.

शीतयुद्धाच्या काळात विचारांवरही बंधने आली. १९४७ मध्ये काँग्रेसच्या समितीने चित्रपट व्यावसायिकांची साम्यवादी संबंधांबाबत चौकशी केली. उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास भोगावा लागला आणि अनेकांची नावे काळ्या यादीत गेली. लेखक डाल्टन ट्रंबो यांना वर्षानुवर्षे टोपणनावाने लिहावे लागले. १९६० मध्ये त्यांचे नाव पुन्हा पडद्यावर आले. १९५२ मध्ये चॅप्लिन परदेशात असताना त्यांचा पुनःप्रवेश परवाना रद्द झाला आणि तब्बल वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, ते सन्मान स्वीकारण्यासाठी अमेरिकेत परतले. स्वातंत्र्याची प्रतिमा जगभर निर्यात करणाऱ्या उद्योगाला स्वतःच्या लेखक-कलावंतांचे स्वातंत्र्य जपता आले नाही, असेच म्हणावे लागते.

५. अन्य देशांचा प्रतिसाद

ब्रिटनने १९२७ च्या कायद्याने स्वदेशी चित्रपटांसाठी राखीव प्रमाण ठरवले. फ्रान्सने मे १९४६ मध्ये अमेरिकेशी केलेल्या ब्लम-बर्न्स करारात युद्धकालीन कर्जमाफीसोबत आपली बाजारपेठ अमेरिकन चित्रपटांना खुली केली. फ्रेंच चित्रपटांसाठी दर तिमाहीत केवळ चार आठवडे राखून ठेवले गेले. त्याविरुद्ध १९४८ च्या प्रारंभी कलावंत आणि तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी राखीव काळ पाच आठवडे झाला आणि तिकिटावरील करातून स्वदेशी निर्मितीला साहाय्य देण्याची व्यवस्था करण्यात आली. या व्यवस्थेत अमेरिकन चित्रपटाच्या तिकिटातूनही फ्रेंच चित्रपटासाठी निधी जमा होतो, हे तिचे वैशिष्ट्य आहे.

१९९३ मध्ये जागतिक व्यापार वाटाघाटींत फ्रान्सच्या आग्रहामुळे युरोपने चित्रपटक्षेत्र मुक्त व्यापाराच्या बंधनातून बाहेर ठेवले. २००५ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याविषयीचा करार १४८ विरुद्ध २ मतांनी संमत केला. विरोधात मत देणारे देश अमेरिका आणि इस्रायल हे होते. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांवर वर्षातून १४६ दिवस स्वदेशी चित्रपट दाखवण्याचे बंधन होते. अमेरिकेशी व्यापार कराराच्या वाटाघाटींच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये ते ७३ दिवसांवर आणले गेले, तेव्हा तेथील कलावंतांनी तीव्र आंदोलन केले. २०२० मध्ये त्याच देशातील ‘पॅरासाइट’ हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतील पहिला चित्रपट ठरला. हे यश केवळ संरक्षणाचे फळ आहे असे म्हणता येणार नाही. परंतु संरक्षणामुळे तेथील चित्रपटाला उभे राहण्यास अवधी मिळाला, हे मान्य करावे लागते.

६. पडद्याचे बदलते स्वरूप

दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर चित्रपटगृहांतील गर्दी ओसरली. ‘जॉज’ (१९७५) आणि ‘स्टार वॉर्स’ (१९७७) यांच्या यशानंतर प्रचंड प्रसिद्धी, एकाच वेळी अनेक ठिकाणी प्रदर्शन आणि खेळणी-कपड्यांसारख्या उत्पादनांची विक्री, असे नवे व्यवसायसूत्र रूढ झाले. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन भारतात आला आणि बोलपटाने उभी केलेली भाषेची भिंत अंशतः ढासळली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतासह जगातील बहुतेक देशांत पोहोचले. येथे निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन पुन्हा एकाच कंपनीच्या हाती एकवटले आहे. १९४८ च्या निर्णयातून आलेली बंधने अमेरिकेच्या न्यायालयाने २०२० मध्ये संपुष्टात आणली, हाही योगायोग नव्हे. २०२३ मध्ये लेखक आणि अभिनेत्यांनी केलेल्या दीर्घ संपांतील मानधन व कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या मागण्या याच नव्या व्यवस्थेतून निर्माण झालेल्या होत्या. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा सेवांच्या सूचीत किमान ३० टक्के युरोपीय कलाकृती असण्याचे बंधन घातले. जुना प्रश्न नव्या पडद्यावर आला, इतकाच याचा अर्थ.

निष्कर्ष :

१) अमेरिकन चित्रपट उद्योगाचे जागतिक वर्चस्व महायुद्धजन्य परिस्थिती, मोठी देशांतर्गत बाजारपेठ, शासनाचे साहाय्य आणि वितरण-प्रदर्शनावरील नियंत्रण यांतून निर्माण झाले.

२) या उद्योगाने जगाला समर्थ कथनशैली आणि थोर कलावंत दिले, त्याच वेळी वांशिक विषमता आणि वैचारिक दडपण यांचाही तो वाहक ठरला.

३) प्रभाव म्हणजे केवळ अनुकरण नव्हे. भारतीय चित्रपटाने अमेरिकन घटक स्वीकारून त्यांना स्वतःचे रूप दिले. हे शक्य झाले, कारण त्याला स्वतःचा पडदा आणि स्वतःचा प्रेक्षक मिळाला.

४) स्वतःची चित्रपटसंस्कृती टिकवणाऱ्या देशांनी बाहेरच्या चित्रपटांवर बंदी घातली नाही, त्यांनी स्वतःच्या चित्रपटासाठी पडद्यावर जागा राखली.

समारोप :

हा इतिहास मराठी अभ्यासकाला परका नाही. ‘प्रभात’ने केवळ चित्रपट निर्माण केले नाहीत, तर त्यांच्या वितरणाकडेही लक्ष दिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना सोयीची वेळ देणे बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. मराठी चित्रपटाची स्पर्धा हॉलिवूडइतकीच, किंबहुना अधिक, हिंदी चित्रपटाशी आहे. तथापि प्रश्नाचे स्वरूप तेच आहे. मराठी चित्रपट चांगला असेल तर तो आपोआप चालेल, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकन चित्रपटाचा शंभर वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की, कोणताही चित्रपट आपोआप चालत नाही. त्याला प्रेक्षकाच्या सोयीच्या वेळी आणि त्याच्या गावात लावावे लागते. चित्रपटाच्या सांस्कृतिक प्रभावाचा अभ्यास करताना कथेइतकेच चित्रपटगृहाच्या वेळापत्रकाकडेही लक्ष देण्याची गरज आहे, असे प्रस्तुत अभ्यासातून नम्रपणे सुचवावेसे वाटते.